विमानाचे पाय

रेडिओ कंट्रोलचं नवं विमान आणलं की सगळ्यात आधी त्याचं नाकाखालचं चाक काढून टाकावं, असं माझं स्पष्ट मत आहे. यावरून सध्या परळच्या ताईशी माझं वाजलंय. भाच्याचं फोमचं विमान तिच्या पैशाचं. "कंपनीने काही विचार करूनच चाक दिलं असेल ना रे?" इति ताई. केलाय ना विचार! पण गुळगुळीत धावपट्टीचा. आपल्याकडे ती आहे कुठे?

शिवाजी पार्काचं तर नावच नको. तिथे एका वेळी डझनभर क्रिकेटचे डाव रंगलेले, शिवाय ड्रोन आणि रिमोटची विमानं उडवायला बंदी घालणारे मुंबई पोलिसांचे आदेश अधूनमधून निघतच असतात. म्हणजे दादरहून कर्जत लोकल पकडा आणि ओळखीतल्या कुणाचं तरी भात कापलेलं शेत गाठा. तिथे धसकटं, ढेकळं, मध्येच बांध. नाकाखालचं ते टीचभर चाक धसकटात अडकतं आणि विमान कोलांटी खातं. प्रोपेलर तुटण्यावर निभावलं तर नशीब, नाहीतर चाकाचा दांडा मोटरची फळीच उचकटून काढतो.

त्यापेक्षा शेपटीखाली छोटं चाक लावावं आणि मुख्य चाकं मोठी घ्यावीत. ती पुढेही सरकवावी लागतात बरं का! तीनचाकी रचनेत ती तोलबिंदूच्या जरा मागे असतात, ती पंखाच्या पुढच्या कडेखाली आणायची. नाहीतर विमान उभ्या जागी तोंडावर पडेल.

यात काही नवं नाही. १५ ऑक्टोबर १९३२ ला जे. आर. डी. टाटा कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरले, ते पस मॉथ विमान शेपटीवरच बसणारं होतं. जुहूचं मैदान तेव्हा इतकं कच्चं, की पावसाळ्यात सगळा कारभार पुण्याला हलवावा लागे.

तोटा एकच. असं विमान धावताना बाजूला वळू पाहतं. थ्रॉटल हळूहळू द्यायचा आणि रडरवर बोट ठेवायचं. भाच्याला हे शिकावं लागेल, आणि शिकावंच. हल्ली विमान खोक्यातून जोडूनच येतं, पोरांच्या हाताला काम म्हणून उरतं ते चार्जर लावण्याचं!

तारेसाठी त्याला मी लालबागला आमच्या शेजारच्या काकांकडे पाठवलं. १९८२ च्या संपापर्यंत ते गिरणीत फिटर होते. ३ मिलिमीटरची पियानो वायर तो गॅसवर धरायला निघाला, तर काका ओरडलेच, "तापवू नको, पाणी उतरेल तिचं!" मग व्हाइसमध्ये धरून थंडच वाकवली. दोन तारा फुकट गेल्या, तिसरी जमली, तीही त्याच्याच हातून.

आणि हो, चाकाची पट्टी पोटाला नायलॉनच्या बोल्टनेच लावा, लोखंडी नको. आपटलं तर बोल्ट तुटतो, पोट वाचतं. दोन-चार जास्तीचे खिशात असू द्या.