तासाभरात उरकलेलं बेट

मालवणच्या जेटीवरून सिंधुदुर्ग अगदी हाताशी आल्यासारखा दिसतो. मध्ये जेमतेम अर्धा किलोमीटर समुद्र. होडी किल्ल्याच्या दाराशी लागते आणि प्रवासी उतरत असतानाच होडीवाला बजावतो, "तासाभरान परत येवा हां, नायतर दुसऱ्या होडयेक थांबूचा लागतला." मग त्या तासात सगळं उरकायचं. दारात फोटो, शिवराजेश्वराच्या मंदिरात दर्शन, महाराजांच्या हातापायाचे ठसे, तटावर चढून सेल्फी, उतरताना कोकम सरबत. मे महिन्यात आणि दिवाळीच्या सुट्टीत तर रांगेतूनच आत जायचं आणि रांगेतूनच बाहेर पडायचं.

कुरटे बेटावरचा हा किल्ला ४८ एकरांचा आहे. तटाची लांबी तीन किलोमीटरच्या घरात, बुरूज बेचाळीस. नुसता तट फिरून यायचा म्हटलं तरी उन्हात तास जातो. माझी तक्रार होडीवाल्याबद्दल नाही. मे अखेरीला होड्या बंद होतात त्या थेट पावसाळा सरल्यावर सुटतात. उरलेल्या महिन्यांत त्याला वर्षाची कमाई करायची असते. तक्रार आपल्याबद्दल आहे. आपण एवढ्यालाच 'बेट पाहिलं' म्हणतो आणि वर खंत करतो की, आपल्याकडे परदेशासारखं काही नाही.

ही खंत मी सतत ऐकतो. मोबाईलवर स्कॉटलंडच्या बेटांचे व्हिडिओ फिरत असतात. काळे कडे, धुकं, हिरव्या उतारावर चरणाऱ्या मेंढ्या, कड्यावर हजारोंनी बसलेले समुद्रपक्षी. आमची तरुण पोरं ते बघून हरखतात. हरखण्यासारखंच आहे ते. पण त्यातल्या सर्वांत प्रसिद्ध बेटांपैकी एकाची, सेंट किल्डाची, गोष्ट त्या व्हिडिओत क्वचितच असते. तिथं शेकडो वर्षं माणसं राहत होती. कड्यांवर दोर टाकून पक्षी आणि अंडी गोळा करत, मेंढ्या पाळत. हळूहळू तरुण बाहेर गेले, आजारपणं आली, हिवाळ्यात महिनोन्‌महिने संपर्क तुटे. शेवटी २९ ऑगस्ट १९३० रोजी उरलेल्या छत्तीस जणांनी स्वतःच विनंती करून बेट सोडलं. आज ते जागतिक वारसास्थळ आहे. प्रवासी बोटीनं जातात, दगडी घरांची रांग बघतात आणि परततात. निसर्ग जागेवर आहे, पक्षी जागेवर आहेत, पण त्या घरांत कुटुंबं उरली नाहीत.

आता सिंधुदुर्गाकडे बघा. तटाच्या आत आजही माणसं राहतात. थोडीच कुटुंबं आहेत, पण आहेत, आणि त्यांत हिंदूही आहेत, मुसलमानही. पावसाळ्यात समुद्र खवळला की त्यांचा किनाऱ्याशी संबंध तुटल्यासारखाच होतो. त्याआधी धान्य, सरपण, औषधपाणी भरून ठेवावं लागतं. सेंट किल्डाकडे जे उरलं नाही ते आपल्याकडे अजून आहे. आणि आपण त्या घरांसमोरून फोनमध्ये बघत पुढं निघून जातो. फार तर पाण्याची बाटली विकत घेतो.

मी राहतो धामापूरला. किल्ल्यावर माझं जाणं बऱ्याचदा होतं, कधी पाहुण्यांबरोबर, कधी एकटा. एकदा होडीत शेजारी बसलेल्या गृहस्थांनी माझं नाव विचारलं. सांगितल्यावर त्यांनी सहज विचारलं, "अच्छा, तुम्ही लोकपण किल्ले बघता?" त्यांच्या बोलण्यात द्वेष नव्हता, खरंखुरं कुतूहल होतं. म्हणूनच तो प्रश्न मला जास्त टोचला. द्वेषाला उत्तर देता येतं. पण एखादा डोंगर, एखादा किल्ला, एखादा समुद्रकिनारा कुणाच्या नजरेच्या वाटणीला आला आहे, हे एका भल्या माणसानं मनाशी ठरवूनच टाकलं असेल, तर त्याला काय म्हणायचं?

अशा वेळी आपल्या तोंडी तयार उत्तर असतं, दौलतखान. शिवाजी महाराजांच्या आरमाराचा हा सरदार. १६७९ साली खांदेरीच्या बेटावरून इंग्रजांशी आणि जंजिऱ्याच्या सिद्दीशी लढाई झाली, तेव्हा मराठी आरमार त्याच्या हुकमतीखाली होतं. सिद्दी मुसलमान, दौलतखानही मुसलमान. एक समुद्राच्या त्या बाजूला, एक या बाजूला. लढाई धर्माची नव्हती, सत्तेची आणि समुद्राची होती, एवढं यातून कळतं. हा इतिहास खरा आहे आणि तो सांगितलाच पाहिजे, शाळेत सांगितला पाहिजे, किल्ल्याच्या दारातल्या फलकावरही असला पाहिजे.

पण मी त्या दिवशी होडीत दौलतखानाचं नाव घेतलं नाही. कारण ते नाव तिकिटासारखं दाखवून आत जायचं मला मान्य नाही. इतिहासात आपला एखादा सरदार सापडला तर किल्ला आपला, नाही सापडला तर परका, हा हिशेबच खोटा आहे. हा तट ज्यांनी उभा केला त्या पाथरवटांची, चुना मळणाऱ्यांची, दगड वाहणाऱ्यांची, होड्या हाकणाऱ्यांची नावं कुठल्या यादीत आहेत? त्यांच्या वंशजांनी कुठला दाखला आणायचा? मी त्यांना म्हटलं, "बघतो ना. या, तुम्हालाही दाखवतो." आणि आम्ही दोघं दाराशी थांबलो.

दाराशी थांबणं ही या किल्ल्यातली पहिली पाहण्यासारखी गोष्ट आहे. समुद्रातून येताना दार दिसतच नाही. दोन बुरुजांच्या वळणात ते असं दडवलंय की, अगदी जवळ गेल्याशिवाय तटात वाट आहे हे कळू नये. भोवतीच्या पाण्यात खडक आहेत, काही उघडे, काही भरतीत बुडणारे. वाट माहीत असलेल्याची होडी सहज येते, अनोळखी जहाजाचा तळ फुटतो. म्हणजे किल्ल्याचं पहिलं संरक्षण तोफ नव्हे, तर इथल्या दर्यावर्दी माणसाला असलेली पाण्याची ओळख. हे बेट निवडलं गेलं ते त्या ओळखीच्या जोरावर. नोव्हेंबर १६६४ मध्ये पायाभरणी झाली, १६६७ मध्ये काम पुरं झालं. हिरोजी इंदुलकरांच्या देखरेखीखाली हे बांधकाम झालं. पायाच्या दगडांत शिसं ओतल्याचं सांगतात. साडेतीनशेहून अधिक पावसाळे त्या तटावर आदळले. कुठं ढासळला, कुठं पुन्हा बांधला, पण तो उभा आहे.

त्याच तटाच्या समोर, किनाऱ्यावरच्या राजकोटात, ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिनाच्या निमित्तानं महाराजांचा पस्तीस फुटी पुतळा उभारला गेला. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. त्यावर राजकारण पुष्कळ झालं, खटले झाले, पुढं दुसरा, आणखी उंच पुतळा उभा राहिला. मला त्या वादात भर घालायची नाही. एवढंच म्हणायचं आहे की, खारा वारा सगळ्यांना सारखाच लागतो. जो त्याचा अभ्यास करतो त्याचं काम टिकतं, जो तारीख गाठायची म्हणून बांधतो त्याचं टिकत नाही. महाराजांबद्दल आदर दाखवायचा तर त्यांच्या कामाची रीत शिकणं, हाच त्याचा पहिला मार्ग आहे. आणि ती रीत समोर, होडीच्या अंतरावर, दगडात उभी आहे.

किल्ल्यातली दुसरी पाहण्यासारखी गोष्ट म्हणजे तीन बावी. दूधबाव, साखरबाव, दहीबाव. नावंच सांगतात की पाणी किती गोड. चारी बाजूंनी खारा दर्या आणि मध्ये गोडं पाणी. बहुतेक जण याला चमत्कार म्हणतात आणि पुढं जातात. चमत्कार मानायला हरकत नाही, पण त्यामागचं कारण त्याहून सुंदर आहे. लहान बेटावर पडलेलं पावसाचं पाणी खडकाच्या भेगांत मुरतं. ते खाऱ्या पाण्यापेक्षा हलकं असतं, म्हणून खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहतं. उपसा जपून केला तर गोडं पाणी वर्षभर पुरतं. हावरटपणे उपसलं तर खालचं खारं वर येतं आणि विहीर कायमची बिघडू शकते. बेटावर राहायचं असेल तर किती घ्यायचं, हे समजावं लागतं.

गोड्या पाण्याचा विषय निघाला की मला किल्ल्याबरोबर माझं गावही दाखवावंसं वाटतं. मालवणहून पंधराएक किलोमीटर आत, डोंगरांच्या कुशीत धामापूरचा तलाव आहे. १५३० साली विजयनगरच्या अमलाखाली नागेश देसाई यांनी तो बांधवून घेतला असं मानलं जातं. दोन टेकड्यांमधला मातीचा बांध, काठावर भगवतीचं देऊळ, भोवती दाट झाडी. आतल्या झऱ्यांमुळे तो उन्हाळ्यातही आटत नाही. २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय सिंचन आणि निचरा आयोगानं त्याचा जागतिक वारसा सिंचन स्थळांत समावेश केला. मालवण शहराच्या नळाला येणारं पाणी याच तलावाचं. म्हणजे किल्ला बघून आलेला पाहुणा लॉजवर जो पहिला पेला पितो, तो पाचशे वर्षांपूर्वीच्या कुणाच्या तरी शहाणपणाचा असतो. त्याला ते कुणी सांगत नाही.

या तलावाची एक दंतकथा आमच्याकडे सगळे सांगतात. कुणाच्या घरी लग्न असलं आणि अंगावर घालायला दागिने नसले, तर फुलांचे दागिने करून परडीत ठेवायचे आणि परडी पाण्यात सोडायची. परडी परत येई तेव्हा त्यात सोन्याचे दागिने असत. कार्य झालं की ते पुन्हा पाण्याला द्यायचे. एकदा कुणी तरी परत केले नाहीत. तेव्हापासून परडी रिकामीच येते.

मला ही कथा आजच्या पर्यटनाबद्दल वाटते. पाण्यानं, डोंगरानं, बेटानं आपल्याला दिलंय. आपण वापरावं, मिरवावं, पण परत द्यावं. आपण काय करतो? तलावाच्या काठावर आणि पाण्यात 'सुशोभीकरण' करायला निघतो. धामापूरमध्ये तो वाद राष्ट्रीय हरित लवादापर्यंत गेला. सिंधुदुर्गाभोवतीच्या समुद्रात प्रवाळ आहे. १९८७ मध्ये तिथं सागरी अभयारण्य जाहीर झालं. त्याच पाण्यात आता बोटींचे नांगर पडतात, हौशी पाय प्रवाळावर उभे राहतात. मच्छीमाराला मात्र अभयारण्य म्हटलं की धास्ती वाटते, कारण निर्बंध त्याच्यावर येतील आणि मोकळीक पाहुण्याला मिळेल, असं त्याला वाटतं. त्याची ती भीती खोटी म्हणण्याआधी त्याला विश्वासात घेतलं पाहिजे.

स्कॉटलंडकडूनच शिकायचं असेल तर सेंट किल्डाऐवजी एग नावाच्या छोट्या बेटाकडे बघावं. पिढ्यान्‌पिढ्या ते कुणा तरी धनिकाच्या मालकीचं होतं, रहिवासी कूळ म्हणून राहत. १९९७ मध्ये रहिवाशांच्या संस्थेनं देणग्या जमवून ते बेटच विकत घेतलं. पुढं ऊन, वारा आणि पाणी यांच्यावर चालणारी स्वतःची वीज उभी केली. पर्यटक तिथंही येतात. पण घरं, जेटी, बोटींचे पाहुणे यांबद्दल बेटावरच्या माणसाचा शब्द चालतो.

आपल्याला किल्ला विकत घ्यायचा नाही, तो संरक्षित स्मारक आहे आणि तसाच राहावा. पण काही गोष्टी फार खर्चाच्या नाहीत. होडीची मुदत तासाऐवजी अर्ध्या दिवसाची असण्याची सोय व्हावी, ज्याला हवी त्याच्यासाठी. किल्ल्यातल्या कुटुंबांतल्या मुलामुलींना वाटाड्याचं प्रशिक्षण आणि मानधन मिळावं. तिथल्या पोराला शिकायला बाहेर जावं लागलं तरी परत यायला कारण उरेल. पावसाळ्यातल्या त्यांच्या दळणवळणाची, औषधपाण्याची जबाबदारी प्रशासनानं घ्यावी. बावींशी आणि तलावाशी दोन ओळींचा खरा, साधा फलक असावा. आणि शाळेच्या सहली किल्ला आणि धामापूर एकाच दिवशी बघायला याव्यात. एक पाणी बेटाचं, एक पाणी डोंगराचं. इतिहासाच्या पुस्तकात ज्यांची नावं नाहीत त्या हातांची ओळख पोरांना तिथं होईल.

होडीतले ते गृहस्थ परतीची होडी सोडून माझ्याबरोबर तटावर फिरले. पश्चिमेच्या बुरुजावर वारा इतका होता की बोलणं ऐकू येत नव्हतं. बावीशी पोचल्यावर त्यांनी पाण्याबद्दल चार प्रश्न विचारले. माझ्या नावाबद्दल पुन्हा काही विचारलं नाही.

भूमीवरचा हक्क सातबाऱ्यावर लिहिलेला असतो. भूमीशी असलेलं नातं मात्र तिथं थांबणाऱ्याचं, विचारणाऱ्याचं आणि घेतलेलं परत करणाऱ्याचं असतं. ते घोषणेनं मिळत नाही आणि आडनावावरून नाकारता येत नाही. सिंधुदुर्ग बघायला या. पण हातात अर्धा दिवस ठेवून या, आणि किल्ल्यात राहणाऱ्या कुणाशी तरी दोन शब्द बोलल्याशिवाय परतू नका.