दत्तकविधान : सवलत कोणाला, सक्ती कोणाला?

धर्मग्रामाच्या कार्यालयात स्नानसंस्काराची नोंदवही उघडली की ‘आईवडिलांची नावे’ हा रकाना आम्हांस कधीकधी अडवून धरतो. ख्रिस्तसभेच्या १९८३ च्या धर्मसंहितेतील ११० वा नियम सांगतो की, मुलकी कायद्यानुसार दत्तक घेतलेले मूल हे दत्तक घेणाऱ्यांचेच मानावे. नियम सरळ आहे. परंतु या देशात ख्रिस्ती दांपत्यासाठी तो मुलकी कायदाच कित्येक वर्षे नव्हता! १९५६ चा हिंदू दत्तक कायदा हिंदू, बौद्ध, जैन व शीख यांच्यापुरता. आमच्या वाट्याला १८९० चा पालक व पाल्य कायदा. त्याखाली पदरात पडे ते पालकत्व, अपत्य नव्हे. मूल सज्ञान झाले की तेही संपले. १९७२ चे सर्वांसाठीचे विधेयक १९७८ मध्ये मागे घेण्यात आले, १९८० च्या विधेयकाचाही कायदा झाला नाही. २००० साली मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती एफ. आय. रिबेलो यांनी निराधार बालकाचा दत्तक जाण्याचा हक्क जगण्याच्या हक्काशी जोडला, आणि २००६ च्या दुरुस्तीनंतर बाल न्याय कायद्याने आमच्यासाठी दार खऱ्या अर्थाने उघडले. या कायद्याचे आम्ही ऋणी आहोत. म्हणूनच त्याच्याविरुद्ध लिहिताना लेखणी अडखळते.

तरी लिहिले पाहिजे. १ ऑगस्ट २०१५ पासून नवी मार्गदर्शक तत्त्वे लागू झाली. तोवर मूल कोणाच्या ओटीत घालायचे याचा विचार त्याला सांभाळणारी संस्था करीत असे. त्यानंतर इच्छुक पालकांना संगणकावर सहापर्यंत मुले दाखवायची आणि त्यांनी एक राखून ठेवायचे, अशी रीत आली. एकट्या वा घटस्फोटित व्यक्तीचा अर्ज आला तर धर्मभगिनींच्या नकाराला अर्थ उरला नाही. मदर तेरेसांच्या भगिनींनी मोर्चा काढला नाही. दत्तक देण्याची आपली मान्यताच काढून घ्यावी, असे त्यांनी सरकारला कळवले. ‘कायदा पाळायचा नसेल तर काम सोडा,’ असे त्यांना ऐकवणारे विसरतात की, भगिनींनी नेमके तेच केले होते.

प्रत्येक एकट्या स्त्रीविषयी भगिनींचे मत बरोबर होते असे आम्ही म्हणणार नाही. आमच्याच धर्मग्रामात विधवांनी एकटीने मुले वाढवली आहेत, आणि ती बऱ्याच दुपालकी घरांतील मुलांहून बरी निघाली आहेत. प्रश्न तो नाही. अर्जदाराला दुसऱ्या संस्थेचे दार उघडे असताना या एका दारातील स्त्रीने आपला सदसद्विवेक बाजूला ठेवलाच पाहिजे, हा हट्ट कशासाठी?

कायदा सर्वांना समान, असे उत्तर येते. खरेच? २०१५ च्याच बाल न्याय कायद्याचे ५६ वे कलम काढून पाहावे. हिंदू दत्तक कायद्याखाली होणाऱ्या दत्तकाला या कायद्यातील काहीही लागू नाही, असे त्यात स्वच्छ लिहिले आहे. म्हणजे सवलत आहे. ती कोणाला, एवढाच प्रश्न. शबनम हाश्मी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली म्हटले की, हा कायदा मुभा देतो, सक्ती करीत नाही. ज्याची श्रद्धा आड येते त्याने आपल्या व्यक्तिगत कायद्याप्रमाणे चालावे. दत्तक घेणाऱ्याच्या श्रद्धेला जागा आहे. मूल देणाऱ्या संस्थेच्या श्रद्धेला का नसावी?

फिलाडेल्फियातील वाद वेगळा होता. तेथे समलिंगी जोडप्यांना तात्पुरते पालक म्हणून प्रमाणित करण्यास कॅथलिक संस्थेने नकार दिला होता. २०२१ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयातील नऊही न्यायमूर्तींनी संस्थेच्या बाजूने निकाल दिला. मुख्य निकालपत्रातील कारण साधे आहे : शहराच्या करारातच अपवाद करण्याची सोय होती, ती ठेवून धर्मसंस्थेला मात्र सवलत नाकारता येत नाही. आमच्यातील काहींना या निकालाचा फारच हर्ष झाला. त्यांनी तो पुन्हा वाचावा. नव्या मक्तेदारीचा परवाना त्यात कोठेही नाही.

आमची मागणी एका कलमाची आहे. जी संस्था एखादा अर्ज सदसद्विवेकामुळे हाताळू शकत नाही, तिने तो ठरावीक दिवसांत दुसऱ्या संस्थेकडे पाठवावा. अर्जदाराचा क्रम जाऊ नये, मुलाचा एक दिवसही वाया जाऊ नये. तपासणी, हिशेब, नोंदणी यांतून कोणालाही सूट नको. २०१८ साली रांचीत जे आरोप झाले त्यांनंतर तर नकोच. आणि ‘आपली मुले आपल्याच घरांत’ ही आमच्याच लोकांत चाललेली कुजबुजही आम्हांस मान्य नाही. पायरीवर टाकलेल्या तान्ह्याचा धर्म कोणी पाहिला आहे?

मध्यंतरी एक दांपत्य दोन वर्षांच्या मुलीला स्नानसंस्कारासाठी घेऊन आले. २०२२ पासून दत्तकाचा हुकूम न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात. त्यांच्या सहीचा कागद त्यांनी मेजावर ठेवला. रकान्यात दोघांची नावे आम्ही न अडखळता लिहिली. मुलीला पूर्वी कोणी सांभाळले, असे सहज विचारले. आई म्हणाली, “संस्थेतल्या मावशींनी, फादर. सिस्टर तिथे आता कोणी नाहीत.”