कंपनीचे नाव, ग्राहकाचा जाब

वस्त्यांत काम करताना आम्ही पाहतो, की कर्जात, क्लासच्या फीमध्ये, प्लॉटच्या व्यवहारात फसलेला माणूस ऑनलाइन चार शब्द लिहितो आणि वकिलाची नोटीस आली की घाबरून ते पुसून टाकतो. अलीकडे या नोटिशीत ‘आमचा ट्रेडमार्क वापरला’ हेही कलम असते. म्हणून हा कायदा तरुणांनी समजून घेतला पाहिजे.

ट्रेडमार्क कशासाठी? ग्राहकाने एकाचा माल दुसऱ्याचा समजून घेऊ नये यासाठी. टीकेपासून बचाव करण्यासाठी नव्हे.

अमेरिकेत केशरोपण करणाऱ्या बॉस्ली मेडिकल या कंपनीवर नाराज असलेल्या ग्राहकाने ‘बॉस्लीमेडिकल डॉट कॉम’ हेच नाव घेऊन तिथे कंपनीवर टीका केली. २००५ मध्ये अपील न्यायालयाने म्हटले, की तो काही विकत नाही, म्हणून हा ट्रेडमार्कचा भंग नाही. मात्र डोमेन बळकावल्याचा वेगळा दावा न्यायालयाने जिवंत ठेवला.

आपल्याकडे ओडिशातील धामरा बंदरामुळे समुद्री कासवांना धोका आहे, असे सांगणाऱ्या ग्रीनपीसच्या ऑनलाइन गेममध्ये टाटांचे नाव आणि चिन्ह होते. टाटांनी १० कोटींचा दावा लावला. जानेवारी २०११ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने अंतरिम मनाई नाकारली. टीकेचा विषय म्हणून ट्रेडमार्क वापरला, एवढ्यानेच भंग होत नाही, ही त्यातली महत्त्वाची भूमिका.

पण गाफील राहू नका. ‘डॉट कॉम’ नावांचे वाद १९९९ पासून यूडीआरपी या लवादासारख्या पद्धतीनेही चालतात. तिथे उत्तराला फक्त २० दिवस मिळतात आणि नाव हातचे जाऊ शकते. हुबेहूब कंपनीचेच नाव घेतले तर अनेक पॅनेल ते तोतयेगिरी मानतात. म्हणून नावात टीका दिसेल असा शब्द जोडा. ‘ही कंपनीची वेबसाइट नाही’ हे पहिल्याच पानावर लिहा. जाहिराती घेऊ नका, काही विकू नका, कंपनीला ते नाव विकण्याची भाषा तर मुळीच करू नका. पावत्या, करार जपून ठेवा, कारण बदनामीचा खटला वेगळा असतो.

नाव कंपनीचे असेल, पण तिच्याकडून आलेला अनुभव आपला आहे. तो पुराव्यानिशी सांगण्याचा हक्क संविधानाने दिला आहे. नोटीस आली तर आधी वाचा, वकिलाला दाखवा. पुसून टाकण्याची घाई करू नका.