फ्लॉरेन्सला अर्धाच दिवस?

आमच्या मंडळींच्या युरोपवारीत फ्लॉरेन्सच्या वाट्याला बहुधा अर्धाच दिवस येतो, आणि तोही चौकातील छायाचित्रे व चामड्याच्या पाकिटांची खरेदी यांत सरतो. सहल-कंपन्यांना दोष देण्यात अर्थ नाही. काय पाहावयाचे हे आपण ठरवीतच नाही. उफीत्सी आणि डेव्हिडचा पुतळा असलेली अकादमी, दोन्ही सोमवारी बंद. कॅथेड्रलच्या घुमटाच्या ४६३ पायऱ्या चढावयाच्या तर वेळ आधी राखून ठेवावी लागते. लग्नाच्या कार्यालयासाठी एवढी चौकशी आपण वर्षभर आधी करतोच की!

परंतु आमचा खरा रोष निराळाच आहे. ३० नोव्हेंबर १८७० रोजी कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज इंग्लंडहून परतताना, अवघे वीस वर्षांचे असताना, याच नगरीत निवर्तले. आर्नो व मुन्योने नद्यांच्या संगमावर त्यांना अग्नी दिला गेला. तेथेच, कासीने उद्यानाच्या टोकाला, छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे. त्या छत्रीचे वास्तुकार चार्ल्स मँट. आम्हा बडोदेकरांच्या लक्ष्मीविलास राजवाड्याचा आराखडाही त्यांचाच. जवळच्या पुलाला तेथील लोक आजही ‘इंडियानो’ म्हणतात. परके विसरले नाहीत. दरवर्षी शिवजयंतीला व्यासपीठे गाजविणाऱ्या आमच्या प्रवाशांना मात्र तिकडे फिरकण्यास दोन तास मिळत नाहीत. आणि त्या उद्यानाला तर तिकीटही लागत नाही.