थकलेला दंड आणि गरिबाची कैद

गेल्या पावसाळ्यात एका दंडाधिकाऱ्यांच्या न्यायालयात मी सबंध दिवस बसून होतो. आमच्या एका तरुण कार्यकर्त्याच्या ओळखीचा, केळी विकणारा हातगाडीवाला रस्त्यात अडथळा केल्याच्या आरोपावरून तेथे उभा होता. खटला म्हणावा असे काही झालेच नाही. गुन्हा कबूल आहे काय, असे विचारले गेले. त्याने मान डोलावली. तीन हजार रुपये द्रव्यदंड, तो न भरल्यास पंधरा दिवस साधी कैद, असा हुकूम झाला. सारे मिळून चार मिनिटे लागली असतील. मग त्याला बाकावर बसवण्यात आले आणि त्याची बायको पैसे आणायला निघाली. न्यायालय उठायच्या आत तिला परतायचे होते. ती साडेचारच्या सुमारास आली. पैसे शेकडा दहाने आणले होते. अर्थात, महिन्याच्या व्याजाने.

सरकारी महसूल गोळा करण्याचा बोजा प्रत्यक्षात कोणावर पडतो, हा प्रश्न मी अध्यापनाच्या काळात वर्षानुवर्षे परीक्षेत विचारीत आलो. त्याचे एक उत्तर त्या दिवशी बाकावर बसलेले दिसले. शासनाला त्याचे तीन हजार त्याच संध्याकाळी मिळाले. त्या वसुलीसाठी शासनाने सावकाराला राबवून घेतले आणि त्याची दलाली त्या कुटुंबाने महिन्याला तीनशे रुपये या दराने भरावयाची, असा हा व्यवहार होता.

मी शिरस्तेदारांना विचारले, की हप्ते मिळत नाहीत काय? सज्जन गृहस्थ होते. ते म्हणाले, "मागितले तर साहेब देतात. पण मागतो कोण?" आणि हे खरेच आहे. केवळ दंडाची शिक्षा झाली असेल आणि रक्कम तत्काळ भरता येत नसेल, तर तीस दिवसांपर्यंत मुदत द्यावी, किंवा दोन-तीन हप्ते पाडून द्यावेत आणि तोवर आरोपीला बंधपत्रावर सोडावे, असा अधिकार न्यायालयाला जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही होता आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही आहे. मात्र तो न्यायालयाच्या मर्जीवर आहे. आरोपीला हे सांगितलेच पाहिजे, असे बंधन कोणावरही नाही. ज्याला वकील आहे त्याला मुदतीची गरज नसते, आणि ज्याला गरज असते त्याला वकील नसतो.

आता थकलेल्या दंडाच्या वसुलीची सबंध यंत्रणा पाहू. कायद्याने तिला दोन वाटा दिल्या आहेत, एक मालमत्तेची आणि दुसरी देहाची. पहिल्या वाटेने न्यायालय जंगम मालमत्तेच्या जप्तीचे व विक्रीचे अधिपत्र काढते, किंवा जमीन महसुलाची थकबाकी समजून रक्कम वसूल करा, असे जिल्हाधिकाऱ्यांना कळवते. तो कागद तहसीलदाराकडे, तेथून तलाठ्याकडे जातो आणि पुष्कळदा तेथेच विसावतो. या वाटेने दंड वसूल करताना कोणाला अटक करता येत नाही, असेही कायद्यानेच सांगून ठेवले आहे. दुसऱ्या वाटेला कागद फारसा लागत नाही. शिपाई लागतो. ज्याच्याजवळ जप्त करण्याजोगे काही आहे त्याच्यासाठी वर्षे आहेत, आणि ज्याच्याजवळ हातगाडीवाचून काही नाही त्याच्यासाठी न्यायालय उठण्याची वेळ! शिवाय सहा वर्षांपर्यंत दंड वसूल करता येतो आणि तो भरण्याआधी माणूस मेला, तरी त्याची मालमत्ता त्या देण्यातून सुटत नाही. पूर्ण कैद भोगल्यानंतरही विशेष कारणे नोंदवून न्यायालय वसुलीचे अधिपत्र काढू शकते.

रस्त्यात अडथळा करण्याच्या गुन्ह्याला १८६० च्या दंड संहितेत फार तर दोनशे रुपये दंड होता. नव्या न्याय संहितेच्या कलम २८५ ने तो पाच हजारांपर्यंत नेला. १ जुलै २०२४ रोजी, म्हणजे अंमलाच्या पहिल्याच दिवशी, नवी दिल्ली रेल्वे स्थानकाजवळच्या एका पथारीवाल्यावर याच कलमाखाली गुन्हा नोंदवला गेला. बराच गवगवा झाल्यावर तो रद्द झाला. पण कलम काही रद्द झाले नाही. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात याच संसदेने अटींचा भंग करणाऱ्या विक्रेत्याला फार तर दोन हजारांची शास्ती पुरेशी मानली होती, याची आठवण कोणाला झालेली दिसत नाही.

केवळ दंडाच्या अपराधात पाच हजारांपर्यंतचा दंड थकला तर दोन महिन्यांपर्यंत कैद, दहा हजारांपर्यंत चार महिने आणि त्यापुढे एक वर्षापर्यंत, अशी मोजपट्टी न्याय संहितेच्या कलम ८ मध्ये आहे. २०२४-२५ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी दिवसाला २९७ रुपये होती. त्या दराने पाच हजार रुपये म्हणजे सतरा दिवसांची मजुरी. ती देता आली नाही म्हणून मजुराला साठ दिवस कोंडायचे, म्हणजे सतरा हजार आठशे वीस रुपयांचे श्रम वाया घालवायचे, त्याच्या जेवणाचा आणि पहाऱ्याचा खर्च तिजोरीतून करायचा, आणि मूळ पाच हजार ते नाहीतच. हा हिशेब माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने मांडला असता, तर मी त्याला नापास केले असते.

यात आणखी एक विसंगती दडलेली आहे. ज्या अपराधाला कैद व दंड अशा दोन्ही शिक्षा आहेत, त्यात दंड थकल्याची कैद मूळ कमाल कैदेच्या एक चतुर्थांशाहून अधिक देता येत नाही. कमाल कैद तीन महिन्यांची असेल, तर ही कैद फार तर तेवीस दिवसांची होईल. याउलट अपराध इतका किरकोळ असेल, की कायद्याला त्यासाठी कैद सुचलीच नाही, तर मात्र दोन महिने! कैदेचा आणि रकमेचा परस्परांशी मेळ नसतो, याचा याहून ठसठशीत दाखला २०२० साली सर्वोच्च न्यायालयाने स्वतःच दिला. ज्येष्ठ वकील प्रशांत भूषण यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल एक रुपया दंड झाला. न भरल्यास तीन महिने कैद आणि तीन वर्षे वकिलीबंदी. त्यांनी रुपया भरला.

आपल्यापैकी अनेकांनी दंड नाकारून तुरुंग पत्करला आहे. सत्याग्रहीची ती परंपराच आहे, आणि ऐपत असून नकार देणाऱ्याला शासनाने कैद द्यावी, यात मला गैर काही वाटत नाही. तो त्याचा निर्णय असतो. परंतु न देणे आणि देता न येणे, यांतला भेद दिवाणी कायद्याला समजला आहे, फौजदारीला नाही. १९८० साली बँकेच्या वसुलीच्या एका खटल्यात न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर यांनी निःसंदिग्धपणे ठरवले, की केवळ दारिद्र्यामुळे कर्ज फेडता न आलेल्या ऋणकोला तुरुंगात टाकता येणार नाही. त्याची लबाडी किंवा ऐपत असूनही केलेली टाळाटाळ दिसली पाहिजे. म्हणजे बँकेचे देणे थकले तर दारिद्र्य हा बचाव होतो. शासनाचे देणे थकले तर होत नाही. २००७ साली मध्य प्रदेशातील एका गरीब कैद्याची, एक लाखाचा दंड न भरल्याबद्दलची तीन वर्षांची कैद सर्वोच्च न्यायालयाने सहा महिन्यांवर आणली आणि अशी कैद ही मूळ शिक्षेचा भाग नव्हे, असेही सांगितले. निकाल स्वागतार्ह होता; पण इतक्या वरपर्यंत जाण्याचे भाग्य केळीवाल्याच्या नशिबी कोठून यायचे?

तिकडे २०२३ च्या जनविश्वास कायद्याने ४२ केंद्रीय कायद्यांतील १८३ तरतुदींमधील फौजदारी शिक्षा काढल्या किंवा सौम्य केल्या. व्यवसाय करणे सुलभ व्हावे, हा त्यामागचा उघड हेतू. २०२० च्या ‘विवाद से विश्वास’ योजनेत वादातला प्राप्तिकर भरणाऱ्यांना व्याज आणि दंड सोडून देण्यात आले. उद्योजकाला कैदेचे भय नको, हे तत्त्व मला मान्य आहे. फक्त केळ्यांची हातगाडी हाही व्यवसायच आहे, एवढे कोणीतरी त्या मसुदाकारांना कळवायला हवे होते.

यावर शासनाचे उत्तर तयार असते: २०२३ पासून गरीब कैद्यांसाठी साहाय्य योजना आहे, तीतून दंडासाठी पंचवीस हजारांपर्यंत मदत मिळते. मिळते, पण ती कैद्याला मिळते. आधी तुरुंगात जायचे, मग तेथील अधिकाऱ्यांनी नाव सुचवायचे, मग जिल्हा समितीने विचार करायचा. पंधरा दिवसांची कैद तोवर संपून जाते. सामुदायिक सेवा ही नवी शिक्षाही न्याय संहितेने फक्त मोजक्या सहा अपराधांपुरती आणली. थकलेल्या दंडाऐवजी काम करण्याचा पर्याय म्हणून ती उपलब्ध नाही.

काही मित्र म्हणतील, की अशाने कायद्याची जरब नाहीशी होईल. मी दंड माफ करा असे म्हणतच नाही. दंड उत्पन्नाच्या दिवसांत मोजा, असे माझे म्हणणे आहे. फिनलंडमध्ये १९२१ पासून आणि स्वीडनमध्ये १९३१ पासून अपराधाची तीव्रता दिवसांत ठरते आणि दिवसाचा दर माणसाच्या मिळकतीवरून. २००२ साली वेगाने मोटारसायकल चालवल्याबद्दल फिनलंडमधील नोकिया कंपनीच्या एका संचालकाला १,१६,००० युरो दंड झाला होता. उत्पन्न घटल्याचे दाखवून त्याने अपिलात तो कमी करून घेतला, हेही त्याच तत्त्वाला धरूनच झाले. केळीवाल्याच्या हाती दिवसाकाठी चारशे रुपये उरतात; तीन हजार म्हणजे त्याचे साडेसात दिवस. माझ्या निवृत्तिवेतनाचा तो दीड दिवस आहे. एकाच अपराधाबद्दल त्याला माझ्या पाचपट शिक्षा द्यावी, असे कोणत्या कायद्यात लिहिले आहे?

अर्थात ही पद्धत म्हणजे रामबाण नव्हे. जर्मनीत ती १९७५ पासून आहे, तरी विनातिकीट प्रवासाचे दंड थकलेले गरीब तेथेही तुरुंगात जात राहिले. फेब्रुवारी २०२४ पासून कैदेचा हिशेब निम्म्यावर आणावा लागला. म्हणून दराबरोबरच ऐपतीची चौकशीही हवी. कैदेचा हुकूम अमलात आणण्यापूर्वी, हा देत नाही की देऊ शकत नाही, हे न्यायालयाने तपासून नोंदवलेच पाहिजे. आपल्या देशात उत्पन्न कळायचे कसे, हा आक्षेप मला मोठा विनोदी वाटतो. धान्य नाकारायचे असते तेव्हा शिधापत्रिका पिवळी, केशरी की पांढरी, हे शासनाला बरोबर ठाऊक असते. दंडाच्या वेळीही तोच रंग पाहावा.

कायदा बदलेल तेव्हा बदलेल. त्यासाठी विधिमंडळात आणि संसदेत झगडावे लागेल. परंतु हप्त्यांची तरतूद आज जिवंत आहे. त्या दिवसानंतर आम्ही मराठीत पाऊण पानाचा एक अर्ज तयार केला. त्यात नाव, रोजची कमाई, घरातील खाणारी माणसे आणि मागितलेली मुदत एवढेच भरायचे असते. दर सोमवारी दोन कार्यकर्ते तो घेऊन न्यायालयाच्या व्हरांड्यात बसतात. पहिल्या दिवशी अकरा अर्ज भरले गेले आणि नऊ मंजूर झाले. ज्या तालुक्यांतील साथींना नमुना हवा असेल त्यांनी पक्षाच्या जिल्हा कार्यालयातून तो मागवून घ्यावा. सोबत कार्बन कागद जरूर ठेवावा, कारण दुसरी प्रत मागितली जाते.