पूजेचं ताट कुणाच्या हाती?

नवरात्राच्या आधी घर आवरायला काढलं की माळ्यावरून काही ना काही खाली येतंच. आमच्या होटगीच्या घरात यंदा आजेसासऱ्यांची धोकटी उतरली. आत वाटी, चामड्याचा पट्टा आणि गंजलेला वस्तरा. वस्तऱ्याच्या मुठीला दोन बाजू असतात, मिटल्यावर पातं त्यांच्या मधे बसतं. त्यातली एक बाजूच गायब!

"भंगारात देऊन टाक," घरातून फर्मान निघालं. खरंच आहे, आता दुकानात गिऱ्हाइकागणिक पातं बदलतात, जुना वस्तरा कोण वापरणार? पण आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, अडून बसल्या. "जंक्शनबाहेर झाडाखाली बसून मामंजींनी ह्याच्यावर सहा लेकरं वाढवली. देऊ नको."

मग मीच बसले दुरुस्तीला. शिलाई मशीनचं तेल लावून रात्रभर ठेवला, सकाळी बारीक पॉलिश पेपरनं हलक्या हातानं गंज काढला. उरलेली बाजू नमुना म्हणून सुताराकडे नेली, त्यानं शिसमाची दुसरी करून पितळी खिळ्यानं बसवली. धार मात्र जाणत्या कारागिराकडूनच लावून घेतली. मुठीवाचून पातं उघडंच राहतं, म्हणजे ती बाजू शोभेची नव्हेच, हात वाचवायची!

लेक म्हणाला, "आई, मशीनवर घासून चकचकीत कर, शोकेसमध्ये ठेवू." मी नाही म्हटलं. जास्त घासलं की पोलाद झिजतं, पात्यावरचा ठसा पुसतो. आणि मला वाटतं, जुनी वस्तू जपायची तर तिची सगळी कहाणी जपावी, नुसती गोड गोड नव्हे. वस्तऱ्यानं बाळांची जावळं काढली, नवरदेव सजवले, हे आपण कौतुकानं सांगतो. पण ह्याच वस्तऱ्यानं एके काळी विधवांची डोकी भादरली जायची, ते कोण सांगणार? आणि 1890 साली मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकारानं नाभिक बांधव सभेला जमले, यापुढे विधवांचं केशवपन करायचं नाही असं त्यांनी ठरवलं, हे तरी किती घरांत ठाऊक आहे? पोट ज्याच्यावर, तोच वस्तरा खाली ठेवायचा... सोपं नव्हतं ते.

खंडेनवमीला मी वस्तरा पाटावर मांडला. बघते तर आत्याबाई चार पावलं मागे. "मी कशी लावू कुंकू? तूच लाव." माझ्या पोटात चर्र झालं. वस्तरा थांबवायचं ठरून शंभरावर वर्षं झाली, पण मागे सरायची सवय काही गेली नाही!

कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीनं मे 2022 मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्याच महिन्यात सरकारनंही परिपत्रक काढून इतर ग्रामपंचायतींना तसं करायला सांगितलं. त्याच जिल्ह्यात हासूर सासगिरीच्या शांताबाई यादव यांनी तर नवरा गेल्यावर लेकींना वाढवण्यासाठी स्वतःच वस्तरा हाती घेतला, गावकऱ्यांच्या दाढ्या केल्या. वस्तरा चालवायला विधवेचा हात चालतो, मग पूजेला का चालू नये?

ठराव ग्रामपंचायतीत होतो, पण पाळायचा देवघरापुढे आपणच, म्हणजे बायकांनीच. आत्याबाईंना "या" म्हणणारी मी होते आणि "राहू दे" म्हणणारीही मीच असू शकले असते.

मी ताट त्यांच्या हातात दिलं. हात थरथरत होता, पण कुंकू लागलं. जुन्या बाजूलाही आणि नव्या शिसमालाही.

यंदा तुमच्या घरात पूजेच्या वेळी कुणी मागे उभं असेल, तर आरतीआधी एकदा वळून बघा, आणि ताट त्यांच्या हाती द्या.