बाटलीवरचे नाव

लग्नामुंजीत दाराशी अत्तरदाणी घेऊन उभे राहण्याचे काम आपल्याकडे मुलांवर सोपवतात. मनगटाला लागलेले ते अत्तर कोणी बनवले, हे कोणी विचारत नाही. आता मुलांच्या हाती सेंटची बाटली आली आहे. तिच्यावर परदेशी फॅशन डिझायनरचे नाव असते आणि वाढदिवसाला तेच नाव हवे, असा हट्टही होतो. हट्ट जरूर करा, पण त्या नावामागची गोष्ट आधी ऐका.

कपड्यांच्या पेढीने सुगंधही विकावा, या कल्पनेचा पहिला मान सहसा पॅरिसच्या पॉल प्वारे याला देतात. १९११ साली त्याने हा व्यवसाय सुरू केला आणि त्याला स्वतःचे नाही, तर आपल्या मुलीचे, रोझीनचे नाव दिले. पुढे १९२१ मध्ये कोको शनेल यांनी 'शनेल नंबर ५' आणले. त्याच वर्षी इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर आपल्या देवासला, थोरल्या पातीचे महाराज तुकोजीराव यांचे खाजगी सचिव होते.

तो सुगंध शनेलबाईंनी बनवलेला नव्हता. बनवणारा होता मॉस्कोत जन्मलेला अर्नेस्ट बो. त्याने १ ते ५ आणि २० ते २४ असे क्रमांक घातलेले नमुने पुढे ठेवले, बाईंनी पाचवा उचलला. फुलांच्या अर्कांना त्याने अल्डिहाइडांची जोड दिली होती. बारावीच्या रसायनशास्त्रात भेटतात तीच ही मंडळी! निवड करणे हीही कला आहे, हे मान्य. पण बाटलीवर बो याचे नाव नाही. १९२४ साली सुगंधांची स्वतंत्र कंपनी निघाली, तेव्हा खुद्द शनेलबाईंच्या वाट्यालाही जेमतेम १० टक्के हिस्सा आला. नाव एकाचे, हात दुसऱ्याचे, नफा तिसऱ्याचा!

आपल्या मराठी माणसांचेही या क्षेत्रात मोठे काम आहे. एस. एच. केळकर आणि कंपनी मुंबईत १९२२ साली सुरू झाली. साबण, तेल, पावडर बनवणाऱ्यांना ती सुगंध पुरवत आली. वेष्टनावर नाव मात्र साबणवाल्याचे. केळकर एज्युकेशन ट्रस्टचे वझे महाविद्यालय १९८४ साली मुलुंडला निघाले आणि तेथे सुगंधद्रव्यांचा अभ्यासक्रमही सुरू झाला. डॉक्टर-इंजिनिअर यांपलीकडे विज्ञानाची अशीही एक वाट आहे, हे पालकांनी लक्षात घ्यावे.

२००० साली फ्रेदेरिक माल या फ्रेंच गृहस्थाने बाटलीवर सुगंध बनवणाऱ्याचे नाव छापायला सुरुवात केली. मला वाटते, हे आपणही करावे. स्नेहसंमेलनाच्या पत्रिकेवर पाहुण्यांची, देणगीदारांची नावे असतात. ती असावीतच, त्यांच्यावाचून कार्यक्रम उभा राहत नाही. पण पडदा रंगवणारा विद्यार्थी, पेटीची साथ करणारी मुलगी, रात्री जागून पोशाखांना टाके घालणारी आई, यांची नावे निदान मागच्या पानावर तरी यावीत. त्याला चार ओळींची जागा पुरते. विश्वस्त मंडळींनी अवश्य विचार करावा.

आणि विद्यार्थिमित्रांनो, पुढची बाटली हातात घेताना एवढेच विचारा, 'हे बनवले कोणी?'